पगडीचं दुसरं टोक

सातारा जिल्ह्यातल्या एका आईचं पत्र आहे. नाव, गाव आणि पलटण गाळून त्यातलं मुख्य तेवढं देते.

त्यांच्या घरात फौज जुनी. सासरे मराठा पलटणीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, आता ते हयात नाहीत. यजमान शाळेत शिक्षक. धाकटा मुलगा सव्वीस वर्षांचा, तीन वर्षांपूर्वी अधिकारी म्हणून कमिशन झाला आणि शीख जवानांच्या एका पलटणीत गेला. पहिल्या रजांना तो नेहमीसारखाच आला. यंदा दिवाळीला मात्र एसटी स्टँडवर त्या त्याच्या समोरून चालत पुढे गेल्या. "आई" अशी हाक ऐकू आली तेव्हा वळून बघितलं, तर भरघोस दाढी आणि डोक्यावर पगडी. खंडोबाच्या दर्शनाला गेले तेव्हा पुजाऱ्याने कौतुकानेच विचारलं, "सरदारजी कुठले?" मुलगा हसला, यांना रडू आलं. सासूबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या, गळ्यात तुळशीची माळ. त्या म्हणतात, "पोरगं बाटलं. उद्या घरात काही झालं तर हा क्षौर तरी करील का?" मामाचं म्हणणं, नोकरीचा ड्रेस आहे, रजेवर काढून ठेवायचा, दाढी करून मुली बघायला जायचं. त्यावर मुलगा "मामा, ते तसं नसतं" एवढंच बोलला आणि उठून गेला. एका स्थळाने फोटो बघून "तुम्ही धर्म बदललाय का?" असं विचारलं आणि नंतर फोनच केला नाही.

आईंचे प्रश्न असे: त्याच्यावर सक्ती आहे का? त्याला नाही म्हणता येईल का? आणि आपण शीख नसताना पगडी बांधायची, हा त्यांच्याही धर्माचा अपमान नाही का? सही करून झाल्यावर खाली एक ओळ आहे: "लहानपणी ओट्यावरून पडला होता, हनुवटीला तीन टाके पडले होते. ती खूण आता दिसत नाही."

ताई,

सोपं आहे ते आधी घेते. पगडी बांधल्याने कुणी शीख होत नाही. गुरुद्वाऱ्यांचा कारभार बघणाऱ्या शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीने १९४५ साली मान्य केलेल्या 'सिख रहत मर्यादे'त, म्हणजे शिखांच्या आचारसंहितेत, शीख कोणाला म्हणायचं हे स्पष्ट लिहिलंय. एका अकाल पुरुखावर, म्हणजे परमेश्वरावर, दहा गुरूंवर, गुरू ग्रंथसाहिबावर, गुरूंच्या शिकवणीवर आणि दहाव्या गुरूंनी दिलेल्या अमृतावर, म्हणजे दीक्षेवर, ज्याची श्रद्धा आहे आणि जो दुसरा धर्म मानत नाही, तो शीख. तुमच्या मुलाने अमृत घेतलेलं नाही. घरी आल्यावर तो आधी देवघरात जातो, असं तुम्हीच लिहिलंय. सासूबाईंच्या तोंडून तो शब्द गेला तो दुखऱ्या मनातून गेला, हे मला कळतं, पण तो इथे लागू होत नाही. पुन्हा कुणी तो उच्चारला तर तुम्ही तिथल्या तिथे "नाही" म्हणा. आई बोलली नाही की ते खरं आहे असं घर धरून चालतं.

आता शीख नसलेले अधिकारी पगडी का बांधतात ते बघू. त्यासाठी लांब जायला नको, तुमच्या सासऱ्यांच्या पलटणीपाशीच थांबू.

मराठा लाइट इन्फंट्रीचा इतिहास १७६८ पासूनचा, केंद्र बेळगावला. हल्ल्याच्या वेळची आरोळी "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय". जवान बहुतेक आपल्याकडचे, पण अधिकारी देशाच्या कुठल्याही कोपऱ्यातून येतात. जनरल जोगिंदर जसवंत सिंग याच रेजिमेंटचे. २००५ मध्ये ते लष्करप्रमुख झाले, त्या पदावर पोचलेले पहिले शीख. पगडी बांधणाऱ्या या माणसाने आयुष्याची उमेदीची वर्षं मराठी जवानांबरोबर काढली, त्यांची आरोळी स्वतःची मानली. ते शीखच राहिले. आणि मराठा जवानांना ते कधी परके वाटले नाहीत. तुमच्या सासऱ्यांनी असे साहेब पाहिलेले असणार. ते घरी असते, तर नातवाकडे बघून त्यांना काय वाटलं असतं, हे सासूबाईंना एकदा विचारून बघा. पन्नास वर्षं फौजीबरोबर संसार केलेली बाई आहे ती. उत्तर त्यांच्याकडे असेल.

तुमचा मुलगा त्याच रस्त्याने उलट दिशेला गेलाय. आपल्या पायदळातल्या काही रेजिमेंटमध्ये जवान एकाच समाजाचे असतात, अधिकारी मात्र देशभरातले. रेजिमेंटची जी रीत, जो सण, जे देऊळ, तेच अधिकाऱ्याचं. शीख पलटणींमध्ये शीख नसलेले कितीतरी अधिकारी पगडी बांधतात, दाढी राखतात, गुरुपुरबला, म्हणजे गुरूंच्या उत्सवाला, जवानांच्या पंगतीत बसतात. कुणी परेडपुरती बांधतं, कुणी रोज. जवानांबरोबर जेवायचं, झोपायचं, आणि वेळ आली तर त्यांना पुढे घेऊन जायचं, तो माणूस त्यांच्यापेक्षा वेगळा दिसू नये, ही त्यामागची साधी समज आहे. तुमच्या मुलाने पहिलं वर्षभर पगडी बांधली नाही आणि नंतर बांधली, या गोष्टीवरून मला वाटतं की ती कुणी त्याच्या डोक्यावर ठेवलेली नाही. वर्षभर त्याने ती माणसं पाहिली असतील आणि मग ठरवलं असेल. हे मी अंदाजाने म्हणते. तुम्ही त्याला विचारा.

आता मामांकडे वळते, कारण घरातला सगळ्यात मोठा घोटाळा त्यांच्या वाक्यात आहे. सासूबाईंना वाटतं, पगडी म्हणजे धर्मांतर. मामांना वाटतं, पगडी म्हणजे फौजी बेरे टोपीसारखी चीज, खुंटीला अडकवली की झालं. दोघांचं म्हणणं एकमेकांच्या उलट आहे आणि तुमचा मुलगा मध्ये गप्प बसलाय. "ते तसं नसतं" यापलीकडे त्याला सांगता आलं नाही, कारण सांगायला बसलं तर बरंच सांगावं लागतं.

१६९९ च्या बैसाखीला आनंदपूरला दहावे गुरू गोविंदसिंग यांनी खालसा पंथ, म्हणजे अमृत घेतलेल्या शिखांचा समुदाय, उभा केला. केस, कंगवा, कडं, कच्छेरा आणि किरपाण हे पाच ककार खालशाची खूण ठरले. केस राखायचे म्हटल्यावर ते झाकायचेही आले. पगडी ज्या काळी सरदार-सुभेदारांच्या डोक्याला शोभायची, त्या काळी ती साध्या शेतकऱ्याच्या, सुताराच्या डोक्यावर चढली. तिचा मान तिथून सुरू होतो. पुढे इंग्रज आले. १८४६ मध्ये त्यांनी फिरोजपूर आणि लुधियाना इथे शीख पलटणी उभ्या केल्या, आजच्या शीख रेजिमेंटची मुळं तिथली. त्या फौजेने शीख रंगरुटांना केस राखायला लावले, अमृत घ्यायला लावलं, पलटणीत ग्रंथी, म्हणजे ग्रंथसाहिब वाचणारे, नेमले. इंग्रजांचा त्यात स्वार्थ होता, यात शंका नाही. पण त्यामुळे झालं असं की धर्माची खूण आणि शिपाईगिरीची खूण एकाच कापडात गुंतली. शीख रेजिमेंटच्या बिल्ल्यावर आजही चक्र आहे. निहंग, म्हणजे लढवय्या परंपरेचे शीख, पगडीवर पोलादी चक्र चढवतात, तेच हे.

पगडीसाठी शिखांनी काय काय नाकारलं तेही बघा. महायुद्धात गोऱ्या शिपायांच्या डोक्यावर पोलादी शिरस्त्राणं चढली, शीख शिपायांनी ती घालायला नकार दिला आणि पगडीवरच खंदकात उतरले. आणि हे अजून संपलेलं नाही. २०२३ च्या सुरुवातीला आपल्याच लष्कराने शीख जवानांसाठी खास बनावटीची १२,७३० हेल्मेट घ्यायची ठरवली, तेव्हा शिखांच्या सर्वोच्च धर्मपीठाने, अकाल तख्ताने, आणि शिरोमणी समितीने कडक हरकत घेतली होती. गोळी लागली तर डोकं वाचावं, ही लष्कराची काळजी खोटी नव्हती. मला स्वतःला विचाराल तर मी जवानाच्या आईच्या बाजूने हेल्मेटला मत देईन. पण ज्या कापडासाठी माणसं जिवाच्या सुरक्षिततेवरही वाद घालतात, ते कापड मुली बघायला जाताना सोयीसाठी काढून ठेवायचा ड्रेस नसतो, हे तरी मामांना पटावं.

शिपायाने डोक्यावर हे घेतलं की त्याच्याबरोबर आणखीही काही येतं. १२ सप्टेंबर १८९७ ला, आजच्या पाकिस्तानातल्या सारागढीच्या चौकीत ३६ व्या शीख पलटणीचे एकवीस जवान हवालदार ईशरसिंगांच्या हाताखाली शेवटपर्यंत लढले आणि सगळे पडले. शीख रेजिमेंट दर वर्षी तो दिवस पाळते. फौजेत "नाम, नमक, निशान" म्हणतात ना, त्यातलं नाव असं मिळवलेलं असतं. तुमचा मुलगा त्या नावाखाली उभा आहे.

म्हणजे हे धर्मांतर नाही, आणि सोंगही नाही. मग आहे काय? पंजाबात दोन माणसांनी पगड्या बदलल्या की ती भाऊ होतात, त्यांना "पगवट" भाऊ म्हणतात. धर्म, जात, गाव तेच राहतं. नातं मात्र पडतं, आणि त्याला जागावं लागतं. तुमच्या मुलाचं प्रकरण मला या तऱ्हेचं वाटतं. आपल्यालाही हे परकं नाही. पागोटं पायावर ठेवलं म्हणजे काय, कुणाची पगडी उडवली म्हणजे काय, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही.

आता तुमचा तिसरा प्रश्न, जो मला पत्रात सगळ्यात आवडला. घरात एवढं चाललेलं असताना तुम्हाला शिखांच्या मानाची काळजी वाटली.

माझं लहानपण नांदेडचं. दहाव्या गुरूंनी १७०८ मध्ये नांदेडलाच देह ठेवला. तिथलं तख्त सचखंड श्री हजूर साहिब हे शिखांच्या पाच तख्तांपैकी, म्हणजे मुख्य धर्मपीठांपैकी, एक. आमच्या गल्लीत एक शीख कुटुंब होतं, पिढ्यान्‌पिढ्या नांदेडचं, आमच्याइतकंच मराठी बोलणारं. सकाळी त्यांच्या थोरल्याला पगडी बांधायची असली की आम्हा पोरांपैकी कुणाला तरी हाक यायची, "ये गं, पूनी धर." पाच-सहा मीटर कापड. एक टोक त्याच्या हातात, दुसरं माझ्या. दोघांनी ताणायचं, मग काठाकडून दुमडत दुमडत चार बोटांची पट्टी करायची, पुन्हा ताणायचं, एकही सुरकुती राहू द्यायची नाही. त्यालाच पूनी म्हणतात. मग तो आरशासमोर उभा राही, एक टोक दातांत धरी आणि तिरपे फेरे घेऊ लागे. फेऱ्यांना ते लड म्हणत. शेवटी बारीक सळईने कानामागचे केस आत सारायचे. माझ्याकडून टोक जमिनीवर पडलं तर त्याची आई ते उचलून कपाळाला लावायची. मला रागावल्याचं आठवत नाही, पण मी पुन्हा पडू दिलं नाही.

त्या घराने आम्हा शीख नसलेल्या पोरांच्या हातात पगडी दिली होती. म्हणून तुम्हाला सांगते, आदराने बांधली तर अपमान होत नाही. अनादर कशाने होतो ते मात्र माहीत असावं. पगडी डोक्यावर असताना तंबाखू, सिगारेट, गुटखा नाही, शीख रहतीत तंबाखू हे मोठं कुरहित, म्हणजे निषिद्ध, आहे. ती जमिनीवर, चपलांजवळ, बिछान्यावर पायथ्याला टाकायची नाही. लग्नाच्या वरातीत गंमत म्हणून दुसऱ्याच्या डोक्यावर चढवायची नाही. सरदारजींचे विनोद, जे आपल्याकडे फार सहज सांगितले जातात, ते तुमच्या घरात यापुढे बंद. हे शेवटचं मामांना जरा स्पष्ट सांगा. आपल्याच भाच्याची थट्टा होतेय, असं म्हटलं तर लवकर कळेल.

सक्तीचं थोडक्यात सांगते. फौजेत सगळ्यांना दाढी राखायची मुभा नाही, ज्यांच्या धर्मात केस कापायला मनाई आहे त्यांना ती आहे. हवाई दलातल्या एका मुस्लीम जवानाच्या दाढीवरून खटला झाला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये हाच नियम उचलून धरला. शीख पलटणीतला शीख नसलेला अधिकारी दाढी-पगडी ठेवतो ती रेजिमेंटच्या रिवाजाने, आणि हा रिवाज पलटणीगणिक बदलतो. पलटणीच्या प्रार्थनेला हजर राहणं ही मात्र वेगळी गोष्ट आहे. रेजिमेंटच्या देवस्थानाच्या गाभाऱ्यात जायला नकार दिलेल्या एका ख्रिश्चन अधिकाऱ्याची बडतर्फी दिल्ली उच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये कायम केली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घातला नाही. त्या निकालाबद्दल लोकांची मतं वेगवेगळी आहेत. मलाही वाटतं की माणसाच्या श्रद्धेला थोडी जागा ठेवायला हवी होती. पण तुमच्या घरात हा प्रसंग नाही, कारण तुमच्या मुलाची तक्रारच नाही. "त्याला नाही म्हणता येईल का" असं तुम्ही विचारता, पण त्याला नाही म्हणायचंय का, हे पत्रात कुठेच नाही. आधी तेवढं त्याच्याकडून समजून घ्या. त्याच्या मनात खरंच अडचण असेल, तर त्याने आपल्या वरिष्ठांशी मोकळेपणाने बोलावं. आईने त्याच्या वतीने पत्र लिहू नये, फोन करू नये. फौजेत त्याने त्याचीच मान खाली जाते.

सासूबाईंच्या क्षौराच्या प्रश्नाला मी हसणार नाही. चौऱ्याऐंशीव्या वर्षी माणूस आपल्या शेवटाची व्यवस्था बघतो, त्यात गैर काय? त्यांना सांगा, अमृत घेतलेल्या शिखाला केस कापण्याची मनाई असते, तुमच्या नातवाला नाही. घरात तशी वेळ आली आणि तो पोचला, तर तो त्याच्या घरचा विधी करील. केस पुन्हा वाढतात. पलटणीतल्या जवानांनाही घरचं मरण काय असतं ते माहीत आहे. वडील गेल्यावर थोरल्याच्या डोक्याला पगडी बांधायची रस्म त्यांच्याकडेही असते, आपल्याकडे दुखवट्याला टॉवेल-टोपी आणतात तशी.

आणि त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट आहे. गळ्यात माळ आहे, म्हणजे नामदेव महाराज त्यांना घरच्यासारखे. नामदेवांची एकसष्ट पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यात घुमानला त्यांचं स्थान आहे, २०१५ साली अठ्ठ्याऐंशीवं मराठी साहित्य संमेलन तिथेच भरलं होतं. म्हणजे तुमचा मुलगा पलटणीच्या गुरुद्वाऱ्यात ज्या ग्रंथापुढे डोकं टेकवतो, त्यात आपल्या पंढरपूरच्या नामदेवाचा शब्द आहे. हे सासूबाईंना तुम्ही सांगू नका, नातवाला सांगू द्या. त्याने पलटणीच्या ग्रंथींकडून नामदेवांचं एक पद ऐकून पाठ करावं आणि आजीपुढे बसून म्हणावं. त्या अर्थ विचारतील, तो सांगेल, चुकेल, त्या दुरुस्त करतील. एवढं झालं की "बाटलं" हा शब्द घरात कुणाला आठवायचा नाही, असं मला मनापासून वाटतं.

स्थळांचं काय? ज्या घराने एक प्रश्न विचारून फोन ठेवला, त्यांना उत्तर ऐकायचं नव्हतं. त्यांच्यासाठी हळहळू नका. पण पुढच्यांना फोटोतून कोडं पडू नये याची काळजी आपणच घ्यायची. पत्रिकेबरोबर दोन फोटो पाठवा, एक पगडीतला, एक आधीचा. खाली एक साधं वाक्य लिहा: "शीख जवानांच्या पलटणीत अधिकारी आहे, तिथल्या रिवाजाप्रमाणे पगडी आणि दाढी ठेवतो, आमचं घर हिंदू मराठा, कुलदैवत खंडोबा." लपवण्यासारखं काही नाही आणि मिरवण्यासारखंही नाही. मुलगी बघायला तो पगडीतच जाऊ दे. जी मुलगी त्याच्याशी लग्न करणार आहे तिला पुढची कित्येक वर्षं त्या पलटणीच्या बायकांमध्ये राहायचंय, गुरुद्वाऱ्यात जवानांच्या घरच्यांबरोबर बसायचंय. तिने पहिल्या दिवशीच तो जसा आहे तसा बघितलेला बरा. दाढी करून गेला आणि लग्नानंतर महिन्याभरात पुन्हा वाढवली, तर तिला फसवल्यासारखं वाटेल, आणि ते तिचं बरोबर असेल. मांडवात फेटा की पगडी, हे त्या दोघांनी मिळून ठरवावं.

याच अंगाची आणखी पत्रं येतात, म्हणून दोन वाक्यं इतरांसाठी. ज्यांची शीख मुलं फौजेत जायचं म्हणतात आणि प्रशिक्षणात केसांची अडचण होईल या भीतीने आईवडील आधीच कात्री हातात घेतात, त्यांनी तसं करू नये. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत शीख कॅडेट पगडी बांधूनच तीन वर्षं काढतात, खेळताना, धावताना पटका, म्हणजे केसांवर घट्ट बसणारं छोटं कापड, बांधतात. अमेरिकेच्या सैन्यात पगडी-दाढीची परवानगी मिळणं २०१७ मध्ये कुठे थोडं सोपं झालं. आपल्याकडे ती वाट आधीपासून मोकळी आहे. आणि ज्यांचे मुलगे, सुना, जावई गोरखा, नागा, मद्रासी, कुठल्याही पलटणीत आहेत आणि तिथल्या रीतीने वागू लागलेत, त्यांनी घरी आलेल्या माणसाला आधी जेवू घालावं, मग विचारावं.

ताई, आता तुमच्या शेवटच्या ओळीबद्दल.

मला वाटतं पत्र त्या एका ओळीसाठी लिहिलं गेलं. धर्माचं, स्थळांचं, लोकांचं सगळं खरं आहे, पण स्टँडवर तुम्ही पोटच्या पोराला ओळखलं नाहीत, ते तुमच्या मनातून जात नाही. ते पगडीमुळे झालं असं वाटतं. पगडी नसती तरी तीन वर्षांनी कुठल्यातरी फलाटावर हे व्हायचंच होतं. फौजेत गेलेला मुलगा परत येतो तो थोडा दुसऱ्यांचाही होऊन येतो. त्याला "साबजी" म्हणणारे जवान आहेत, त्यांच्या घरची मरणं, त्यांच्या रजेचे अर्ज, त्यांच्या पोरांची बारशी त्याच्या डोक्यात असतात. तुमच्या सासूबाईंनी हे नवऱ्याच्या बाबतीत सोसलंय. त्यांच्याशी या एका गोष्टीवर बोला. त्या तुमच्याशी भांडणार नाहीत.

आणि हे दुःख मुलाला सांगा. "दाढी काढ" असं न म्हणता, "तुझी खूण दिसत नाही रे" एवढं म्हणा. तो काय करील मला माहीत नाही. कदाचित तुमचा हात धरून दाढीखाली नेऊन दाखवील.

जमलं तर एकदा त्याच्या पलटणीत जा. स्थापनादिनाला घरच्यांना बोलावतात. गुरुद्वाऱ्यात जाताना जोडे बाहेर, हातपाय धुऊन, डोक्यावर पदर घ्यायचा, बस्स, एवढंच. प्रसाद दोन्ही हातांच्या ओंजळीत घ्यायचा. लंगरला खाली पंगतीत बसायचं, तिथे साहेब आणि शिपाई असा भेद नसतो. जवान तुम्हाला "माताजी" म्हणतील आणि पोट भरलं तरी पोळी वाढतील. परत येताना सासूबाईंसाठी थोडा कडा प्रसाद, म्हणजे तिथला कणकेचा शिरा, बांधून घ्या.

पुढच्या रजेत तो सकाळी पगडी बांधायला घेईल तेव्हा बघा, घरात दुसरं माणूस नसलं तर पोरं एक टोक दाराच्या कडीला नाहीतर खिडकीच्या गजाला बांधतात आणि एकट्यानेच पूनी करतात. तुमचा मुलगा तसंच करत असणार. ते टोक सोडवून तुम्ही हातात घ्या. कापडावर आधी पाण्याचा हलका हबका मारायचा, म्हणजे घडी धरते. तो ताणेल तसं तुम्ही ताणायचं, मग दोघांनी एकाच बाजूने दुमडत यायचं. नऊवारीच्या निऱ्या घातलेला हात आहे तुमचा, दुसऱ्या दिवशी जमून जाईल.